उसनी नव्हे ही श्रद्धा

वाशिम जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत मिशन दवाखान्याच्या आठवणी सांगणारी घरे आहेत. कुणाचे अडलेले बाळंतपण तिथे सुटले, कुणाचा ताप तिथे उतरला, कुणाच्या आजीच्या तोंडी तिथल्या नर्सबाईचे नाव शेवटपर्यंत होते. त्या नर्सबायांच्या सेवेचे कौतुक करताना कोणी हात आखडता घेत नाही. त्यांच्या श्रद्धेचा विषय निघाला की मात्र सूर बदलतो. सेवा त्यांची, पण धर्म साहेबांचा, असा शेरा मारून मंडळी मोकळी होतात. हा शेरा मी शहाण्या, अभ्यासू आणि मनाने उदार माणसांकडून ऐकला आहे. म्हणूनच तो खोडून काढणे मला अगत्याचे वाटते. अडाण्याचा गैरसमज वाऱ्यावर सोडता येतो. विद्वानाचा गैरसमज पाठ्यपुस्तकात जातो.

आधी प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याच ताकदीने मांडू. ते म्हणतात, महाराष्ट्रातला ख्रिस्ती समाज, विशेषतः नगर, मराठवाडा आणि वऱ्हाडातला, दुष्काळ, दवाखाना आणि शाळा यांच्या आधाराने वाढला. उपाशी माणसाला भाकर देणाऱ्याचा देव खरा वाटणारच. त्यात विचार कुठे आला? त्यातही बाईचा निर्णय तिचा नव्हता. घरचा पुरुष ख्रिस्ती झाला आणि ती मागोमाग गेली. पुढे तिने जी प्रार्थना केली, सभेत उभे राहून जी साक्ष दिली, तिचे शब्द मिशनने शिकवलेले. एकीची साक्ष ऐकली की दुसरीची ऐकायची गरज उरत नाही. आणि या श्रद्धेने तिला दिले काय, तर सोसण्याचे बळ. सोसणे म्हणजे झगडणे नव्हे. साहित्याचे जाणकार यात आणखी एक कलम जोडतात. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ थोर आहेत ती त्यांतल्या संसारामुळे, विनोदामुळे, निर्मळ बोलीमुळे. त्यातला धर्म हा पतीच्या चरित्राचा भाग, तो वगळला तरी पुस्तक तेवढेच थोर राहते.

मांडणी भक्कम आहे, आणि तिच्यात खरे काहीच नाही असे मी म्हणणार नाही. दुष्काळात माणसे मिशनच्या दारी आली, हे खरे. मिशनच्या पगारावर जगणाऱ्याला मिशनपुढे मान वर करणे जड जाते, हेही खरे. खुद्द लक्ष्मीबाईंचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी 1917 साली अमेरिकन मिशनची नोकरी सोडून मिशनबाहेरचा ‘देवाचा दरबार’ मांडला तो उगाच नव्हे. प्रश्न एवढाच आहे, की या खऱ्या गोष्टींतून तो निष्कर्ष निघतो का? माझे उत्तर स्पष्ट आहे. निघत नाही.

दवाखान्यापासूनच सुरुवात करू, कारण प्रतिपक्षाचा सगळा भर तिथे आहे. वाशिमचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल 1938 साली सुरू झाले. नाझरीन मंडळीच्या डॉ. ऑर्फा स्पायकर 1936 साली भारतात आल्या आणि त्यांनी मिशनच्या जुन्या शाळेच्या इमारतीत ते उभे केले. पुढे तिथे काम करणाऱ्या डॉ. एव्हलिन विटॉफ आणि परिचारिका जेराल्डिन चॅपेल या दोघी 1941 साली भारताच्या वाटेवर असताना मनिलात अडकल्या, आणि 1945 पर्यंत जपान्यांच्या सांतो तोमास छावणीत कैदेत राहिल्या. सुटका झाल्यावरही त्यांनी भारतात यायचा बेत सोडला नाही. मराठी मुलींना वाशिमच्या या दवाखान्यात नर्सिंगचे शिक्षण मिळू लागले. म्हणजे कित्येक दशके या भागात औषध पाजणारा आणि नाडी धरणारा हात ख्रिस्ती होता.

आता प्रतिपक्षाचा नियम लावून पाहा. औषधाने श्रद्धा विकत मिळत असती, तर आज वाशिमचे चित्र काय असते? 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 11,97,160 आहे आणि तीत ख्रिस्ती माणसे शेकडा एकही भरत नाहीत. दवाखान्याच्या खाटांवर हिंदू झोपले, मुसलमान झोपले, बौद्ध, जैन, बंजारा झोपले. बरे झाले, घरी गेले. पोहरादेवीला जाणारा पोहरादेवीला जात राहिला, शिरपूरच्या पार्श्वनाथाला जाणारा शिरपूरला. उपकाराने माणूस धर्म बदलतो हा नियम एवढ्या मोठ्या लोकसंख्येच्या बाबतीत खोटा ठरला. तो मूठभरांच्याच बाबतीत खरा का मानायचा? ज्या मूठभर घरांनी ख्रिस्त धरला, त्यांच्याकडे औषधाखेरीज दुसरे काही कारण असले पाहिजे, एवढे तरी तर्काने मान्य करावे लागते.

पोटाचा हिशेब मांडायचाच असेल तर तो पुरा मांडू. 1950 सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती आधी फक्त हिंदूंपुरत्या ठेवल्या. 1956 साली शीख त्यात आले, 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. वऱ्हाडात याचा अर्थ काय होतो? 14 ऑक्टोबर 1956 नंतर इथल्या पूर्वाश्रमीच्या महार समाजाने फार मोठ्या संख्येने बौद्ध धम्म स्वीकारला. त्याच भावकीतले एखादे घर ख्रिस्ती असेल, तर चुलत बहिणीच्या मुलीला मिळणारा अनुसूचित जातीचा दाखला या घरच्या मुलीला मिळत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना, भरतीची जाहिरात आली की, तो प्रश्न पुन्हा दारात उभा असतो. मंडळीत प्रार्थना करायची आणि कागदावर हिंदू राहायचे, ही वाट उघडी असते. ती धरणारे आहेत, आणि पोरांच्या शिक्षणासाठी ती धरणाऱ्या आईला मी दोष देणार नाही. पण जी आई ती वाट धरत नाही, शाळेच्या दाखल्यावर मुलीचा धर्म आहे तोच लिहून देते, तिच्याविषयी ‘पोटासाठी ख्रिस्ती’ हे शब्द कोणत्या तोंडाने काढायचे? पोटासाठी तर तिने धर्म सोडायला हवा होता.

परदेशी डॉक्टरांचा काळ संपला. परदेशी पैशाचा पूर्वीचा ओघ राहिला नाही. बायांच्या प्रार्थनासभा मात्र चालू आहेत. उपकारावर उभी असलेली श्रद्धा उपकार संपल्यावर पडायला हवी होती. ती पडली नाही.

दुसरे कलम, बाई नवऱ्यामागे ख्रिस्ती झाली हे. या विधानाला मराठी ख्रिस्ती इतिहासातल्या सर्वांत ठळक दोन स्त्रियांनी आधीच उत्तर देऊन ठेवले आहे. आपण ते वाचायचे तेवढे बाकी आहे. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे झाला. त्यांचे पती बिपिनबिहारी मेधावी आदल्याच वर्षी वारले होते, आणि हयात असताना त्यांना पत्नीची ख्रिस्ती धर्माकडची ओढ पसंत नव्हती. मग ही बाई कोणाच्या मागोमाग गेली? बरे, बाप्तिस्मा घेतल्यावर तिने मिशनचे बोट धरले म्हणावे, तर वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला तिचा पत्रव्यवहार छापील रूपात कोणालाही वाचता येतो. त्रैक्याच्या सिद्धान्तावर रमाबाई ज्यांच्या आश्रयाला राहून बाप्तिस्मा घेतला त्यांच्याशीच वाद घालतात. त्यांनी पुरुषांना शिकवू नये अशी हरकत बिशपांनी घेतली, तेव्हा त्या हरकत घेणाऱ्यांचा अधिकारच तपासायला घेतात. एका पुरोहितवर्गाच्या हातून सुटले ते दुसऱ्याच्या हाती सापडण्यासाठी नव्हे, असा त्यांचा सरळ रोख आहे. धर्म 1883 मध्ये मिळाला, पण ख्रिस्त मिळायला त्यानंतर आठ वर्षे लागली, असे त्यांनीच पुढे आपल्या साक्षीत सांगितले. उसने घेतलेल्या वस्तूसाठी कोणी आठ वर्षे झगडतो का?

रमाबाईंचे मन प्रथम कशाने हलले, हेही पाहण्यासारखे आहे. फुलहॅम येथे समाजाने ‘पतित’ म्हणून टाकलेल्या बायांना सिस्टर्स माणसासारखे वागवताना त्यांनी पाहिले आणि कारण विचारले. उत्तरादाखल त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. भर दुपारी विहिरीवर आलेली, गावाने नावे ठेवलेली बाई. तिच्याकडे एक यहुदी पुरुष पाणी मागतो. यहुदी शोमरोन्यांच्या हातचे घेत नाहीत, म्हणून ती चकित होऊन त्यालाच उलट प्रश्न करते. विहीर कोणाची, घागर कोणाची, हात कोणाचा, हे प्रश्न ज्या देशात जन्माबरोबर मिळतात तिथल्या बाईला या गोष्टीवर टीका वाचावी लागत नाही. वऱ्हाडातल्या कुठल्याही उन्हाळ्यात ज्या वस्तीला पाण्यासाठी दुसऱ्याच्या आडाकडे पाहत उभे राहावे लागले आहे, तिथली बाई हा अध्याय ऐकताना पुस्तक ऐकत नसते. ती आपल्या गावाविषयी ऐकत असते.

आणि आता लक्ष्मीबाई. जाणकारांचे जे कलम मी वर दिले, त्यातून ज्या पुस्तकावर माझे जिवापाड प्रेम आहे त्याचाच अर्धा भाग कापला जातो, म्हणून इथे मी जरा थांबणार आहे. टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत झाला. लक्ष्मीबाईंचा 1900 साली. मधली पाच वर्षे त्या नवऱ्याच्या मागोमाग निघाल्या नाहीत. ऊर फुटेस्तोवर रडल्या, नातलगांकडे राहिल्या, पंढरपुरासारख्या क्षेत्री राहिल्या. पुढे नवऱ्याजवळ परतल्या त्याही हिंदू म्हणूनच, आपली चूल वेगळी ठेवून. एका छपराखाली दोन धर्म आणि दोन चुली! या पाच वर्षांना ‘पतीच्या चरित्राचा भाग’ म्हणणाऱ्याने ती वर्षे पुन्हा वाचावीत.

त्या पाच वर्षांच्या शेवटी त्या कशाने बदलल्या? प्रवचनाने नव्हे, धर्मग्रंथाच्या वादानेही नव्हे. जात देवाने केली की माणसाने, हा एक प्रश्न त्यांनी स्वतःलाच घातला, त्याचा आपल्या बुद्धीने कीस काढला, आणि उत्तर सापडताच ठरवले, की आजपासून कोणाच्याही हातचे खायचे, कोणाच्याही हातचे प्यायचे. बाप्तिस्मा नंतर आला. आधी पाणी आले. या निर्णयाचे मोल कळण्यासाठी त्याच पुस्तकाची पहिली पाने आठवावी लागतात. लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याच्या वेडाने पछाडलेले होते. बाहेरून घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेण्यात त्यांचे आणि घरातल्या बायापोरांचे आयुष्य चालले होते. ती धुणी, तो धाक, ते ओले अंगण यांत वाढलेली मुलगी तिशीत येऊन कोणाच्याही हातचा पेला तोंडाला लावते. विटाळ या कल्पनेचा याहून मोठा कडेलोट कोणत्या धर्मपंडिताने केला आहे?

जाणकार म्हणतात, पुस्तक थोर ते संसारामुळे, धर्मामुळे नव्हे. मी विचारतो, इथे संसार कुठे संपतो आणि धर्म कुठे सुरू होतो, ते बोट ठेवून दाखवा. ज्या बाईला आयुष्यभर स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर धर्म भेटला, तिने तो स्वयंपाकघरातच सोडवला. चूल काढून टाकली तर तिचे धर्मचिंतन उरत नाही. धर्मचिंतन काढून टाकले तर चुलीची गोष्ट नुसती गंमत होऊन बसते. नेमके तेच आपण केले. लक्ष्मीबाई म्हणजे गमतीदार लक्ष्मीबाई, एवढेच उरवले.

नवऱ्याच्या सावलीविषयी आणखी दोन गोष्टी सांगून पुढे जातो. टिळकांनी आरंभलेल्या ‘ख्रिस्तायना’चे दहाएक अध्याय त्यांच्या हातून झाले आणि 1919 साली ते गेले. पुढचे साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले. ज्या बाईला अक्षरओळख लग्नानंतर झाली तिने ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र नवऱ्याच्या कितीतरी पट लिहिले. सावली एवढी लांब पडत नाही. दुसरी गोष्ट नागपूरची. 1933 साली तिथे भरलेल्या मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी लक्ष्मीबाई होत्या. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला पहिली स्त्री अध्यक्ष मिळाली ती 1961 साली ग्वाल्हेरला, कुसुमावती देशपांडे. अठ्ठावीस वर्षांचे अंतर आहे. ज्या समाजातल्या बाया नुसत्या पुरुषांमागे चालत होत्या म्हणता, त्या समाजाने बाईला व्यासपीठाच्या मध्यभागी बसवायला कोणाची वाट पाहिली नाही.

तिसरे कलम साक्षीच्या ठराविक शब्दांचे. यात वरवर तथ्य दिसते. वाशिममध्ये काय किंवा बुलडाण्याला काय, बायांच्या सभेत तुम्ही बसलात तर ‘प्रभूने राखले’, ‘प्रभूने वाट काढली’ हे शब्द पुन्हा पुन्हा कानी पडतील. घराच्या पुढच्या खोलीत चटई अंथरलेली असते, ‘उपासना संगीत’ मांडीवर असते, एक गीत होते, एक अध्याय वाचला जातो, आणि मग बाया एकेक करून बोलतात. त्यांच्या बोलण्याचा घाट साधारण असा: ‘यंदा सोयाबीन शेंगातच कोंबलं. हाती आलं ते देण्यात गेलं. मी देवाले म्हनलं, तुले दिसत नाही काय? मंग चार दिसानं भावानं जवारी धाडली. त्यानं पाह्यलं, पन लय उशिरा पाह्यलं.’

हे बोलणे नीट ऐका. विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी 2006 साली पंतप्रधानांना शेतकरी आत्महत्यांमुळे विशेष मदत जाहीर करावी लागली, त्यांत वाशिम आहे. त्या जिल्ह्यातली शेतकऱ्याची बाई इथे पिकाचा, कर्जाचा आणि देवाचा हिशेब एकाच दमात मांडते. देवाने उशीर केला, हे ती त्याला तोंडावर सुनावते. हे तिला कोणत्या मिशनऱ्याने शिकवले? उपदेशाच्या पुस्तकात तर देव नेहमी वेळेवर येतो. उशिराची तक्रार करायला शिकवले असेल तर बायबलातल्या एका बाईनेच: लाजाराची बहीण मार्था भावाच्या मरणानंतर आलेल्या येशूला हेच म्हणते, की तू वेळेवर असतास तर माझा भाऊ गेला नसता. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांत सर्वांत मोठा गट स्तुतीचा नाही, गाऱ्हाण्याचा आहे. वाशिमची बाई त्या परंपरेत बसून बोलते. शब्द ठराविक असतील. तक्रार तिची स्वतःची आहे.

आणि ठराविक शब्दांचा हा निकष आपण सगळीकडे सारखा लावतो का? जनाबाईच्या जात्याजवळ विठ्ठल येऊन दळू लागतो, तेव्हा आपण त्यात अद्वैत पाहतो, भक्तीचे शिखर पाहतो, आणि ते योग्यच आहे. तिच्या अभंगांतही तेच जाते, तेच शेण, तीच धुणी पुन्हा पुन्हा येतात. कोणी म्हणत नाही की जनी नामदेवाच्या घरची दासी, तिची भक्ती मालकाकडून आलेली, सबब ती उसनी. मग जनीचे जाते तत्त्वज्ञान, आणि ख्रिस्ती बाईची चूल मात्र नुसती चूल, हा न्याय कुठला? टिळक आपण तुकोबाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. त्या पुलावरून बायाही आल्या. रोजच्या कामात देवाला ओढून आणायची, त्याच्याशी भांडायची, त्याला घरचा मानायची ही रीत त्यांनी विलायतेहून आणलेली नाही. ती या मातीतली आहे. ज्याला ती परकी वाटते त्याने आपली संतपरंपरा पुन्हा एकदा बायांच्या बाजूने वाचावी.

समोरची श्रद्धा न दिसण्याची ही चूक जुनीच आहे. बायबलात शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या आरंभी हन्नाची कथा आहे. मूल नसल्यामुळे सवतीचे टोमणे खाणारी ही बाई मंदिरात येऊन मनातल्या मनात प्रार्थना करते. ओठ हलतात, आवाज निघत नाही. दाराशी बसलेला याजक एली तिच्याकडे पाहतो आणि ठरवून टाकतो की ही दारू प्यायली आहे. तो विद्वान होता, अधिकारी होता, आणि त्याच्या डोळ्यांसमोर प्रार्थना चालू होती. तरी त्याला ती दिसली नाही. हन्नाने त्याला नम्रपणे आणि ठामपणे दुरुस्त केले, आणि एलीच्या मोठेपणाची गोष्ट अशी, की त्याने ते ऐकून घेतले.

चौथे कलम सर्वांत गंभीर आहे: श्रद्धेने बाईला सोसायला शिकवले, झगडायला नाही. ख्रिस्ती घरांत नवऱ्याचा मार ‘क्रूस’ म्हणून सोसणाऱ्या बाया नाहीत असे मी म्हणणार नाही. आहेत, आणि त्यांना तसे सांगणारे उपदेशकही आहेत. पण याच श्रद्धेतून निघालेला दुसरा प्रवाह डोळ्यांआड करायचा का? 1869 च्या भारतीय घटस्फोट अधिनियमाने ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार तेवढा सिद्ध केला की घटस्फोट दिला. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर त्याची क्रूरता किंवा दोन वर्षांचा त्याग असेही काही सिद्ध करावे लागे. हा अन्याय सव्वाशे वर्षांहून अधिक टिकला. तो मोडण्यासाठी कोर्टाची पायरी ख्रिस्ती बायांनीच चढली. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने त्या तरतुदीतला भेदभाव घटनाबाह्य ठरवला, आणि 2001 साली संसदेने कायदा बदलला. अन्यायी न्यायाधीशाचा पिच्छा न सोडणाऱ्या विधवेची लूककृत शुभवर्तमानातली गोष्ट रविवारी ऐकणाऱ्या बायांनी सोमवारी वकील गाठला, तर तिथे श्रद्धा झोपवते की जागी करते?

झगड्याचे एक रूप कोर्टात दिसते, दुसरे प्रसूतिगृहात. आपल्याकडे बाळंतपण म्हणजे विटाळ. नाळ कापणे, रक्त पुसणे, वार उचलणे ही कामे जातीने ठरवून दिलेल्या बायांची, आणि काम संपले की त्यांना घराबाहेर उभे करायचे. वाशिमच्या दवाखान्यात पांढरी साडी नेसलेल्या मराठी मुलीने तेच काम हातात घेतले, तेव्हा ते शिक्षणाचे, पगाराचे आणि मानाचे काम झाले. कोणत्याही जातीची बाई त्या टेबलावर आली, आणि तिला पहिला हात लागला तो या मुलीचा. स्वातंत्र्यापूर्वीच्या आणि त्यानंतर लगेचच्या काळात देशातल्या नर्सेसचा फार मोठा हिस्सा ख्रिस्ती होता, याचे कारण हेच, की इतर घरांतून मुलीला या कामाला पाठवायला कोणी तयार नव्हते. नात्यातल्या लग्नांत तिच्याविषयी कुजबुज होई, रात्रपाळीवरून नावे ठेवली जात. ती मुलगी कामावर जात राहिली. अमुक माणसाला शिवायचे आणि तमुकाला नाही, हा हजार वर्षांचा नियम तिने दर पाळीला मोडला. याला सोसणे म्हणता येत असेल तर म्हणा. मी याला बंड म्हणतो.

इथे मला ख्रिस्ती मंडळ्यांविरुद्धही बोलले पाहिजे, नाहीतर वाद एकांगी होईल. ‘उसनी श्रद्धा’ या मताला खतपाणी बाहेरच्यांनीच घातले असे नाही. मिशनच्या इतिहासात डॉ. स्पायकर यांचे नाव आहे, आणि ते असलेच पाहिजे. पण त्यांच्या शेजारी रात्र-रात्र उभ्या राहिलेल्या मराठी नर्सबायांची, खेडोपाडी पायी हिंडलेल्या बायबल बायांची, पाळकीणबायांची नावे किती ठिकाणी सापडतात? छायाचित्र असते, खाली ओळ असते, ओळीत बहुतेक वेळा नाव नसते. नाझरीन मंडळीने 1908 साली स्थापनेपासूनच स्त्रीला दीक्षित पाळक होण्याचा अधिकार दिला, हे भूषण आहे. पण नियमात अधिकार असणे आणि व्यासपीठ मिळणे यांत अंतर असते. बाईला ‘सेवाभावी भगिनी’ म्हणून गौरवायचे आणि तिचा विचार मात्र टिपून ठेवायचा नाही, ही चूक मंडळीने केली. प्रतिपक्षाने ती नुसती पुढे चालवली.

शेवटचा आक्षेप मला स्वतःला सर्वांत तोलामोलाचा वाटतो. रमाबाई आणि लक्ष्मीबाई दोघीही ब्राह्मण घरांत जन्मल्या. त्यांचे दाखले देऊन वाशिमच्या बाईविषयी काय सिद्ध होते? तिने काय लिहिले? बरोबर आहे, वाशिमच्या बाईने ‘स्मृतिचित्रे’ लिहिली नाहीत. पण रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ति मिशनकडे पाहा. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून रमाबाईंनी आणलेल्या मुली कोणत्या घरांतल्या होत्या? नाना जातींच्या, उपाशी, टाकलेल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून स्वतः केलेले बायबलचे भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर 1924 साली बाहेर आले ते तिथल्याच छापखान्यातून, आणि त्या छापखान्यात खिळे जुळवणारे, कागद ओढणारे, पाने शिवणारे हात मुक्तीच्या बायांचे होते. भाकरीसाठी आलेल्या मुली शास्त्राच्या छपाईपर्यंत पोचल्या. त्यांना वाचता येत होते, आणि जे हातून जात होते ते त्यांच्या भाषेत होते. त्यांनी विचार केला नाही, असे कोणत्या आधारावर म्हणायचे? नंतरच्या पिढ्यांनी लिहिलेही. अनुपमा उजगरे, वसईच्या सिसिलिया कार्व्हालो यांचे लेखन मराठी वाचकाच्या हाताशी आहे. वाशिम त्या रांगेत नाही, कारण वाशिमच्या बाईकडे कोणी वही घेऊन गेले नाही.

साठच्या दशकात वाशिमला नर्सिंग शिकलेल्या बाया आज ऐंशीच्या घरात आहेत. काही वाशिममध्येच आहेत, काही मुलांकडे अकोल्याला, पुण्याला. पहिले मृत बालक हातात घेतले त्या रात्री त्यांनी काय प्रार्थना केली, सासरच्यांनी मंडळी सोडायला सांगितले तेव्हा काय उत्तर दिले, मुलीच्या दाखल्यावर धर्म लिहिताना कोणता विचार केला, हे त्या सांगू शकतात. या वादातल्या खऱ्या साक्षीदार त्याच आहेत. वाचकहो, न्याय तुम्ही करायचा आहे. आणि ज्या पक्षाने या बायांच्या श्रद्धेविषयी एवढे ठामपणे मत दिले, त्याने आजवर त्यांच्यापैकी एकीलाही पुकारलेले नाही.